ध्रुव: इंजिनं दोन, रोटर मात्र एकच

कुठल्याही हेलिकॉप्टरची माहिती शोधायला गेलं की पहिल्यांदा हाती लागतो तो आकड्यांचा तक्ता. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या ‘ध्रुव’चा तक्ता साधारण असा दिसतो: वैमानिक दोन, प्रवासी १२, जास्तीत जास्त टेकऑफ वजन ५,५०० किलो, मुख्य रोटरचा व्यास १३.२ मीटर, पाती चार, इंजिनं दोन. आपण काय करतो? हा तक्ता उचलतो आणि सिनॉप्सिसच्या पार्श्वभूमीत चिकटवतो. गाईडही काही म्हणत नाहीत, कारण आकडे बरोबरच असतात.

आज तोच तक्ता आपण इतिहासाचा कागद म्हणून वाचू. त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कधीतरी, कशाच्या तरी बदल्यात ठरवलेला आहे. आणि ध्रुवच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तक्त्यात दिसतच नाही. इंजिनं दोन आहेत, पण ती ज्याला फिरवतात तो रोटर, मधला मुख्य गिअरबॉक्स आणि पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा हे सगळं एकेकच आहे. ध्रुवचा ताफा ज्या ज्या वेळी जमिनीवर बसवावा लागला, त्या वेळी चर्चा इंजिनांची नव्हती, या ‘एकेक’ भागांची होती.

आधी नावातल्या ‘हलकं’ या शब्दाकडे बघू. ध्रुवचं मूळ नाव ‘अॅडव्हान्स्ड लाइट हेलिकॉप्टर’, एएलएच. आता साडेपाच टनाचं यंत्र हलकं कसं? अमेरिका आणि युरोपच्या प्रमाणपत्र नियमांमध्ये लहान हेलिकॉप्टरची रेघ ३,१७५ किलोवर, म्हणजे ७,००० पौंडांवर ओढलेली आहे. या रेघेने ध्रुव सरळ वरच्या गटात जातं. पण आपल्या सैन्यदलांकडे त्या काळात काय होतं ते बघा. चीता सुमारे १,९५० किलोचं, चेतक २,२०० किलोचं, दोन्ही फ्रेंच परवान्यावर एचएएलने बनवलेली, दोन्ही एका इंजिनाची. त्यांच्या पुढची पायरी एकदम मोठ्या रशियन हेलिकॉप्टरांची. मधली जागा रिकामी होती. ‘हलकं’ हा शब्द त्या मोठ्यांच्या तुलनेत आला आणि नावात बसला तो बसलाच. संज्ञा कुठल्या तुलनेतून आली हे शोधणं ही संशोधनातली पहिली साफसफाई आहे. ती केली नाही तर दोन वेगवेगळ्या ‘हलक्या’ हेलिकॉप्टरांची तुलना करून आपण निष्कर्ष काढून बसतो.

खऱ्या अर्थाने हलकं आणि दोन इंजिनांचं असं पहिलं हेलिकॉप्टर जर्मनीचं, बीओ १०५. ध्रुवची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ.

म्युनिकजवळ ओटोब्रुनला ब्योल्कोव्ह कंपनीने साठच्या दशकात हे काम घेतलं. पहिला नमुना उडायच्या आधीच चाचणीत मोडला. कारण होतं ‘ग्राउंड रेझोनन्स’. भौतिकशास्त्रवाल्यांना हे आवडेल. हेलिकॉप्टर जमिनीवर उभं असतं, रोटर फिरत असतो, पाती बिजागरीवर किंचित मागेपुढे होतात. त्यामुळे रोटरचा गुरुत्वमध्य केंद्रापासून सरकतो आणि सगळं धूड डोलायला लागतं. त्या डोलण्याची वारंवारता पायांवर उभ्या असलेल्या सांगाड्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की काही सेकंदांत यंत्राचे तुकडे होतात. त्या नमुन्यावर जुन्या पद्धतीचा, बिजागऱ्यांचा रोटर होता.

दुसऱ्या नमुन्यावर बिजागऱ्या काढून टाकलेला रोटर आला आणि १६ फेब्रुवारी १९६७ ला तो उडाला. टायटॅनियमचा कडक मध्यभाग आणि काचतंतूची लवचीक पाती. पात्यांनी वरखाली आणि मागेपुढे व्हायचं ते बिजागरीवर नाही, स्वतः वाकून. काचतंतूसारखा पदार्थ लाखो वेळा वाकूनही थकत नाही म्हणून हे जमलं. बीओ १०५ चा तक्ता: टेकऑफ वजन सुमारे २,४०० किलो, रोटर ९.८४ मीटर, पुढच्या आवृत्त्यांत ४२० अश्वशक्तीची दोन अॅलिसन इंजिनं. १ नोव्हेंबर १९७० पासून म्युनिकमध्ये ‘ख्रिस्टोफ १’ नावाने याच हेलिकॉप्टरने जर्मनीची हवाई रुग्णसेवा सुरू झाली. शहरावर उडायचं, रस्त्यावर उतरायचं, तर एक इंजिन बंद पडल्यावर दुसरं हवंच, हा विचार त्यामागे होता. २००१ पर्यंत सुमारे १,५०० बीओ १०५ तयार झाली.

आता आपल्याकडे. सत्तरच्या दशकात विचार होता तो एका इंजिनाच्या सशस्त्र हेलिकॉप्टरचा. दशक संपता संपता मागणी बदलली: दोन इंजिनं, पाच टनांचा गट, आणि लष्कर, हवाई दल, नौदल, तटरक्षक दल अशा सगळ्यांना चालेल असं एकच यंत्र. १९८४ मध्ये एचएएलला काम मिळालं आणि त्याच वर्षी जुलैत सल्लागार म्हणून जर्मनीच्या एमबीबीशी करार झाला. एमबीबी म्हणजे तीच कंपनी, ब्योल्कोव्हचं विलीनीकरण होऊन झालेली. त्यामुळे ध्रुवचा रोटरही बिजागऱ्यांशिवायचा आहे, चार पात्यांचा, मध्यभाग मात्र टायटॅनियमऐवजी कार्बनतंतूच्या पट्ट्यांचा. वंशावळ अशी स्पष्ट दिसते.

‘सगळ्यांना चालेल’ हे वाक्य कागदावर सोपं वाटतं. लष्कराला सियाचीनच्या उंचीवर सामान न्यायचंय, त्याला खाली धावपट्ट्यांसारखे पाय चालतात. नौदलाला जहाजावर उतरायचंय, त्याला आत ओढून घेता येणारी चाकं हवीत, पाती दुमडायला हवीत, खाऱ्या हवेत गंज नको. एकाची सोय म्हणजे दुसऱ्याचं वजन. उड्डाण १९८९ ला व्हायचं ठरलं होतं, झालं ऑगस्ट १९९२ मध्ये बंगळुरूला. मधे १९९१ चं आर्थिक संकट येऊन गेलं. नौदलाचा नमुना डिसेंबर १९९५ मध्ये उडाला. सेवेत दाखल व्हायला २००२ उजाडलं. घोषणेपासून मोजलं तर अठरा वर्षं. (पीएचडी लांबली म्हणून घरचे बोलतात तेव्हा मला हा आकडा उपयोगी पडतो.)

इंजिनाची गोष्ट तर राजकारणाची आहे. सुरुवातीचे नमुने फ्रान्सच्या टर्बोमेकाच्या ‘टीएम ३३३’ इंजिनांवर उडाले. त्याहून ताकदवान असं अमेरिकी ‘सीटीएस ८००’ नंतर निवडलं गेलं, नौदलाच्या नमुन्यावर बसलंही. मग मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध घातले आणि ते इंजिन मिळणं बंद झालं. परत टीएम ३३३ कडे जावं लागलं. त्याच वेळी टर्बोमेकाबरोबर मोठं इंजिन मिळून बनवायचं ठरलं, तेच ‘शक्ती’. शक्ती बसवलेलं ध्रुव १६ ऑगस्ट २००७ ला पहिल्यांदा उडालं. टीएम ३३३ ची ताकद सुमारे ८०० किलोवॅट, शक्तीची सुमारे १,०५०. म्हणजे ध्रुवच्या जुन्या आणि नव्या तक्त्यांत इंजिनाच्या ओळीत जो फरक दिसतो, तो केवळ तांत्रिक सुधारणेचा नाही, त्यात एक अणुचाचणीही आहे. तक्ता देताना मार्क एक, दोन, तीन यांपैकी कुठला ते लिहा असं मी ज्युनिअर मंडळींना सारखं सांगतो ते यासाठी.

पण ही २५० किलोवॅटची भर खरंच इतकी महत्त्वाची होती का? हिशोब करून बघू, आणि त्यासाठी सियाचीनला जायच्या आधी जालन्यातच उभं राहू.

हेलिकॉप्टर एका जागी तरंगतं तेव्हा ते हवा खाली ढकलतं. लागणारी किमान शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते आणि हवेची घनता गुणिले रोटरचं क्षेत्रफळ यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. ध्रुवच्या रोटरचं क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस मीटर. ५,५०० किलो वजन, समुद्रसपाटीची प्रमाण घनता १.२२५ घेतली तर आदर्श शक्ती सुमारे ६८५ किलोवॅट येते. खरा रोटर आदर्श नसतो, कार्यक्षमता ०.७ धरा, शेपटीचा रोटर आणि गिअरबॉक्समधलं घर्षण यांचे बारा-एक टक्के घाला. साधारण १,१०० किलोवॅट. हा माझा वहीतला अंदाज आहे, कंपनीचा आकडा नव्हे.

आता जालना. शहराची उंची सुमारे ५०० मीटर. मे महिन्याची दुपार, ४२ अंश. वायूच्या समीकरणात आकडे टाकले की घनता येते सुमारे १.०६. प्रमाण वातावरणात एवढी घनता असते ती १,५०० मीटरवर! म्हणजे मे महिन्याच्या दुपारी जालन्याच्या मैदानावर उभं असलेलं हेलिकॉप्टर स्वतःच्या दृष्टीने महाबळेश्वरहून वर, जवळजवळ कळसूबाईच्या आसपास असतं. तरंगायला लागणारी शक्ती सात-आठ टक्क्यांनी वाढते आणि विरळ, गरम हवेमुळे इंजिनाची ताकद मात्र उतरते. दोन्हीकडून मार. निवडणुकीत सभेच्या मैदानावर उतरणारं हेलिकॉप्टर बघायला आपण गर्दी करतो, तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नसतं. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं दोन इंजिनांचं सिकोर्स्की उड्डाणानंतर लगेच खाली आलं आणि सुदैवाने सगळे वाचले. त्या अपघाताची कारणमीमांसा मी इथे करत नाहीये. मराठवाड्यातला मे महिना हेलिकॉप्टरसाठी सपाट प्रदेश नसतो, एवढंच लक्षात ठेवू.

सहा हजार मीटरवर घनता ०.६६ पर्यंत येते. तिथे पूर्ण वजनाने तरंगायला दीड हजार किलोवॅटच्या आसपास लागेल आणि इंजिनं मात्र जमिनीवरच्या ताकदीच्या जेमतेम निम्मी देतील. म्हणून तिथे पूर्ण वजन नेताच येत नाही. इंधन मोजून भरायचं, माणसं मोजून बसवायची. शक्ती इंजिनाने जी भर घातली तिचा उपयोग नेमका इथे होतो: त्याच शिखरावरच्या चौकीला दर फेरीत जास्त सामान.

याच हिशोबातून दुसरीही एक गोष्ट निघते. एक इंजिन बंद पडलं तर ध्रुव एका जागी तरंगू शकेल का? टीएम ३३३ च्या काळात, पूर्ण वजनाने, नाही. १,१०० हवेत, उरले ८००. मग दुसऱ्या इंजिनाचा फायदा काय? पुढे उडताना रोटरला सतत नवी हवा मिळते आणि मध्यम वेगाला लागणारी शक्ती तरंगण्याच्या जवळपास निम्मी होते. म्हणजे वैमानिकाकडे आधी वेग असेल तर एका इंजिनावर घरी पोचता येतं. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांना दोन इंजिनं का लागतात ते यावरून समजेल. खाली दीडेकशे किलोमीटर नुसता समुद्र असतो.

इथपर्यंत सगळं दोन इंजिनांच्या बाजूने. आता तक्त्यात नसलेला भाग.

समजा, एका तासाच्या उड्डाणात एक इंजिन बंद पडण्याची शक्यता एक लाखात एक आहे. हा आकडा निव्वळ उदाहरणासाठी. दोन्ही इंजिनं एकमेकांशी संबंध नसताना एकाच तासात बंद पडण्याची शक्यता मग हजार कोटींत एक. मस्त. पण ज्या भागांना जोडीदार नाही, त्यांची शक्यता या बेरजेत जशीच्या तशी येते. तो भाग दहा लाखांत एकदा तुटत असेल, तर एकूण धोका त्या भागानेच ठरतो. तिसरं इंजिन लावा, चौथं लावा, आकडा हलणार नाही. साखळीतल्या कड्या आणि शेजारी शेजारी बांधलेले दोर यांतला हा फरक आहे. ध्रुवमध्ये इंजिनं दोरासारखी आहेत, पण मुख्य गिअरबॉक्सपासून पुढे साखळी सुरू होते.

आता घटना बघा. नोव्हेंबर २००५ मध्ये झारखंड सरकारसाठी उडणारं ध्रुव आंध्र प्रदेशात कोसळल्यासारखं उतरलं. दोष शेपटीच्या रोटरच्या पात्यांत होता, सगळा ताफा थांबवून ती बदलावी लागली. शेपटीचा रोटर एकच. ८ मार्च २०२३ ला नौदलाचं ध्रुव मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवावं लागलं, तिघांनाही वाचवण्यात यश आलं. त्याच महिन्यात कोचीला तटरक्षक दलाचं, आणि मे महिन्यात किश्तवाडला लष्कराचं. किश्तवाडला एक जवान गेला. तपासाचा रोख कंट्रोल रॉडवर आला. वैमानिकाच्या हाताची हालचाल रोटरपर्यंत नेणाऱ्या या दांड्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या होत्या, त्यांच्या जागी पोलादी बसवायचं ठरलं. (जालन्याच्या वाचकांनी छाती फुगवू नये, आपल्या एमआयडीसीतल्या सळईचं पोलाद आणि हे पोलाद यांची जात वेगळी.) ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं आणि त्यातले तिघेही गेले. तीनशेच्या वर हेलिकॉप्टरं थांबवली गेली. या वेळी बोट ‘स्वॉशप्लेट’कडे होतं.

स्वॉशप्लेट म्हणजे काय हे एकदा नीट समजून घ्या, कारण हेलिकॉप्टर उडवणं म्हणजे मुळात ती तबकडी कलती करणं. दोन तबकड्या एकावर एक. खालची फिरत नाही, तिला कंट्रोल रॉड जोडलेले. वरची रोटरबरोबर फिरते, तिच्यातून प्रत्येक पात्याकडे एक दांडी जाते. खालची कलली की वरची कलते आणि प्रत्येक पात्याचा कोन फेरीगणिक बदलतो. वैमानिक हेलिकॉप्टर पुढे नेतो, वळवतो, वर उचलतो, सगळं हिच्यातून. ही जोडी तुटली तर दोन्ही इंजिनं ठणठणीत असूनही हातात काही राहत नाही. एक इंजिन गेलं तर दुसरं आहे, दोन्ही गेली तर रोटर मोकळा फिरत ठेवून उतरायची युक्ती आहे. स्वॉशप्लेटला असा पर्याय नाही.

याचा अर्थ ध्रुव वाईट यंत्र आहे असा कुणी काढला तर ते घाईचं होईल. वरच्या साखळीचा प्रश्न जगातल्या प्रत्येक हेलिकॉप्टरला आहे. ध्रुवने सियाचीनला जी कामं केली आहेत ती फार थोडी यंत्रं करू शकतात, आणि हवाई दलाची सारंग तुकडी २००४ पासून याच हेलिकॉप्टरांवर कसरती करते, त्या बिजागरीविना रोटरमुळेच शक्य होतात. पण ‘दोन इंजिनं म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य प्रबंधात लिहायचं असेल तर कशापासून सुरक्षित ते पुढे लिहावं लागेल. इक्वाडोरने घेतलेल्या सात ध्रुवांपैकी चार २००९ ते २०१५ मध्ये पडली आणि त्यांनी करार मोडला. त्यातलं पहिलं वैमानिकाच्या चुकीने पडलं होतं. सगळे अपघात एका रांगेत मांडून ‘चार पडली’ म्हणणाऱ्याला आणि सगळे वैमानिकाच्या माथी मारणाऱ्याला, दोघांनाही वर्गवारी करायचा कंटाळा असतो.

‘स्वदेशी’ या शब्दाचंही तसंच. २०१० च्या कॅग अहवालात असं नोंदवलं आहे की प्रत्येक ध्रुवमध्ये वापरलेल्या सामग्रीच्या किमतीपैकी सुमारे ९० टक्के सामग्री परदेशी पुरवठादारांकडून येते. उद्दिष्ट होतं निम्म्याचं. हा आकडा समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी फेकला जातो. पण छेद बघा: सामग्रीची किंमत. आराखडा कुणाचा, चाचणी कुणी केली, बिघाड झाल्यावर दुरुस्तीचा निर्णय कुणाच्या हातात, हे त्या टक्केवारीत मोजलेलंच नाही. कंट्रोल रॉडचा धातू बदलायचा निर्णय भारतात घेता आला, कारण आराखडा इथला होता. इंजिन मात्र १९९८ मध्ये एका रात्रीत हातचं गेलं. दोन्ही गोष्टी एकाच यंत्राच्या आहेत.

या विषयावर कुणाला काम करायचं असेल तर साधनांची अडचण आधीच सांगतो. नागरी हेलिकॉप्टरच्या अपघातांचे चौकशी अहवाल विमान अपघात अन्वेषण विभाग प्रसिद्ध करतो, ते वाचायला मिळतात आणि भाषाही समजते. लष्करी चौकशीचे अहवाल बाहेर येत नाहीत. मग उरतात कॅगचे अहवाल, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, संसदेतली लेखी उत्तरं आणि कंपनीची निवेदनं. चारही ठिकाणी एकाच घटनेचं वर्णन वेगळ्या शब्दांत असतं, ते समोरासमोर ठेवूनच पुढे जावं लागतं. वर्तमानपत्रातली ‘सूत्रांनुसार’ बातमी प्रबंधात वापरायची तर तारखेसकट आणि तेवढ्याच वजनाने.

शेवटी एक तक्ता देतो, तो तुम्हीच वाचून बघा. ६ सप्टेंबर २०१६ ला बंगळुरूला एचएएलचं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडालं. चीता आणि चेतकची जागा घेण्यासाठी. टेकऑफ वजन ३,१५० किलो, म्हणजे त्या ३,१७५ च्या रेघेच्या बरोबर आत. रोटर ११.६ मीटर. इंजिन शक्तीच्याच घराण्यातलं, आणि संख्या एक. काम तेच, सियाचीनच्या उंचीवरचं. दोन इंजिनांसाठी एवढा खटाटोप केल्यावर एचएएल त्याच डोंगरांसाठी पुन्हा एका इंजिनावर का आली असेल? दुसरं इंजिन, त्याचा आधार, त्याच्या नळ्या आणि गिअरबॉक्समधला त्याचा जोड यांचं वजन मांडा, सहा हजार मीटरवर ते वजन कुणाच्या वाट्याचं जातं ते बघा, आणि वरचा शक्तीचा हिशोब या आकड्यांनी पुन्हा करा.